कंपाउंड धनुष्यावर ड्रॉप-अवे रेस्ट: बसवणे, दोरी बांधणे आणि जुळवणे

ड्रॉप-अवे रेस्ट म्हणजे धनुष्यावर बाण टेकवण्याचा, बाण सुटताच खाली पडणारा आधार. त्याच्याकडून दोनच गोष्टींची अपेक्षा असते. बाण सुटताना त्याला खालून स्थिर आधार मिळावा आणि बाणाची पिसे जवळ येण्यापूर्वी लाँचर, म्हणजे रेस्टचा बाण पेलणारा भाग, खाली पडून वाट मोकळी व्हावी. यातली दुसरी गोष्ट जवळजवळ पूर्णपणे एका वीतभर दोरीवर अवलंबून असते, म्हणून या लेखात बोल्टपेक्षा त्या दोरीला जास्त जागा दिली आहे.

रेस्ट विकत घेण्याआधीच तो केबलवर चालणारा हवा की लिंबवर (धनुष्याच्या वाकणाऱ्या भुजेवर) चालणारा, हे ठरवावे. केबलवर चालणाऱ्या प्रकारात धनुष्य ताणताना खाली सरकणारी केबल दोरी ओढते आणि लाँचर वर येतो. लिंबवर चालणाऱ्या प्रकारात याच्या उलट घडते: स्थिर अवस्थेत लिंबला बांधलेली दोरी लाँचरला खाली दाबून धरते, धनुष्य ताणल्यावर लिंब वाकून दोरी सैल पडते आणि आतली स्प्रिंग लाँचरला वर उचलते. पहिला प्रकार बाण सुटल्यावर लवकर खाली पडतो, तर दुसरा बाणाला अधिक काळ आधार देतो. केबलच्या धाग्यांमधून दोरी नीट ओवायची तर बो-प्रेस, म्हणजे लिंब दाबून केबलचा ताण सैल करणारे यंत्र, लागतो. ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणाऱ्या ज्या तिरंदाजाला बो-प्रेस सहज उपलब्ध नाही, त्याने लिंबवर चालणारा रेस्ट घ्यावा, असे माझे मत आहे. प्रेसशिवाय स्क्रू-ड्रायव्हर घालून ताणलेल्या केबलचे धागे फाकवण्याचा प्रयत्न मात्र कोणीही करू नये.

हत्यारांपैकी एकाच गोष्टीविषयी विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. बहुतेक अमेरिकी रेस्टचे स्क्रू इंची मापाचे असतात आणि नाक्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात सहसा मिलिमीटरचा ॲलन कीचा संच हातात ठेवला जातो. 3/32 इंचाच्या स्क्रूत 2.5 मिलिमीटरची की शिरत नाही आणि 2 मिलिमीटरची की आत नुसती फिरते. जोर लावला की स्क्रूचे षट्कोनी तोंड गोल होते आणि मग तो स्क्रू काढणे हेच एक स्वतंत्र काम होऊन बसते. त्यामुळे मुंबईत नागदेवी स्ट्रीटपर्यंत जावे लागले तरी चालेल, पण इंची संचच आणावा. याशिवाय छोटी पाणसळ, गुण्या, व्हर्नियर आणि डी-लूपची, म्हणजे धनुष्याच्या स्ट्रिंगवर (प्रत्यंचेवर) बांधायच्या छोट्या फासाची, दोरी जवळ असावी.

रेस्ट बसवण्यापूर्वी डी-लूप बांधलेला आणि कॅमचे (लिंबच्या टोकांवरील चाकांचे) टायमिंग तपासलेले असले पाहिजे, कारण या दोन्हींत नंतर बदल केल्यास पुढची सर्व मापे पुन्हा घ्यावी लागतात. धनुष्य कापड गुंडाळून शिकंज्यात उभे धरावे आणि पाणसळीने सरळ करावे. राइझरमधील (धनुष्याच्या मधल्या कडक भागातील) रेस्टच्या भोकात, ज्याला बर्गर होल म्हणतात, रेस्टचा बोल्ट आधी हाताने फिरवून आटे नीट लागल्याची खात्री करावी आणि मगच कीने आवळावा. बाण नॉक करून, म्हणजे स्ट्रिंगवर चढवून, लाँचर वरच्या स्थितीत आणावा. बाजूने पाहिल्यास बाणाच्या दांड्याची मध्यरेषा या भोकाच्या मध्यातून जावी आणि गुण्या लावल्यास बाण स्ट्रिंगशी काटकोनात असावा. आडव्या दिशेने राइझरपासून बाणाच्या मध्यापर्यंतचे अंतर अनेक धनुष्यांवर 13/16 इंच, म्हणजे सुमारे 20.6 मिलिमीटर, धरून सुरुवात केली जाते. तथापि धनुष्याच्या पुस्तिकेत वेगळा आकडा दिला असल्यास तोच प्रमाण मानावा.

आता दोरी. केबलवर चालणाऱ्या रेस्टसाठी प्रथम योग्य केबल ओळखावी लागते. दोन्ही केबलींवर समान उंचीला चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावावा, साथीदाराला बाण लावून लक्ष्याच्या दिशेने धनुष्य सावकाश ताणायला सांगावे आणि कोणती पट्टी खाली सरकते ते पाहावे. त्या केबलवर दोरी आधी तात्पुरती, सरकवता येईल अशी बांधावी. पूर्ण ताणाच्या शेवटच्या इंचभर अंतरात लाँचर पूर्ण वर येऊन थांबेल, इतकी दोरीची लांबी असावी. लाँचर त्याहून बराच आधी वर येत असेल तर बाण सुटल्यावर तो तितकाच उशिरा खाली जाईल आणि पिसे त्याला घासतील. शिवाय वर आल्यावरही दोरी ओढली जात राहिल्यास केबलवर अकारण ताण येतो. लाँचर पूर्ण वर पोहोचतच नसेल, तर बाण प्रत्येक वेळी वेगळ्या उंचीवरून सुटतो. लिंबवर चालणाऱ्या रेस्टमध्ये स्थिर अवस्थेत लाँचर पूर्ण खाली आणि दोरी जेमतेम ताठ असली पाहिजे. दोरी ढिली राहिली तर लाँचर पूर्ण खाली बसत नाही, आणि फाजील आवळली तर स्प्रिंगवर आणि गाठीवर भार पडतो.

दोरीचे टोक कापल्यावर ते लायटरने वितळवून त्याचा छोटा गोळा होऊ द्यावा आणि गाठ त्या गोळ्यापर्यंत हाताने खेचून घट्ट करावी. चपला शिवण्याचा नायलॉन दोरा यासाठी वापरू नये, कारण तो ताणाखाली लांबतो आणि लांबलेल्या प्रत्येक मिलिमीटरने टायमिंग बिघडते. जागा निश्चित झाल्यावर केबलवर गाठीच्या वर आणि खाली सर्व्हिंगचा दोरा गुंडाळावा, म्हणजे ती सरकणार नाही.

हे सर्व डोळ्यांना दिसण्याइतके सावकाश घडत नाही. रेंजवर साथीदाराला फायरिंग लाइनच्या मागे, तिरंदाजाच्या पाठीशी थोडे तिरके उभे करून मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये चित्रण घ्यावे. बाण न लावता स्ट्रिंग सोडून टायमिंग पाहण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण रिकाम्या सुटीने लिंब आणि कॅम तुटू शकतात. सोसायटीच्या गच्चीवर किंवा पार्किंगमध्येही ही चाचणी करू नये, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. तरी सांगून ठेवतो.

पिसे घासतात की नाही, हे कळण्यासाठी पिसांच्या कडांना थोडी लिपस्टिक लावून जवळून काही बाण मारावेत आणि लाँचर, केबल व राइझरचा खालचा भाग तपासावा. लाँचरच्या टोकावर केसाएवढी लाल रेघ दिसली तरी ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. 50 मीटरवर कंपाउंडच्या लक्ष्यातील दहाचे वर्तुळ 8 सेंटिमीटरचे असते, आणि 2023 मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत ओजस देवतळे यांनी अंतिम लढत 150 विरुद्ध 149 अशी जिंकली. रेघ आढळल्यास आधी दोरीची लांबी तपासावी, मग नॉक (बाणाच्या मागच्या टोकाची खाच) किंचित फिरवून पिसांची दिशा बदलून पाहावी.

रेघ येईनाशी झाल्यावरच कागदाच्या चाचणीकडे, म्हणजे कागदातून बाण मारून तो सरळ जातो का हे फाटीवरून पाहण्याकडे, वळावे. चौकटीत ताणलेल्या कागदापासून साधारण दोन मीटरवर उभे राहून, पलीकडे बाण अडवणारे लक्ष्य ठेवून बाण मारावा. पावसाळ्यात दमट वर्तमानपत्र स्वच्छ फाटत नाही, चिंध्या होतात आणि टोकाचे भोक कोणते व पिसांची चीर कोणती हेच समजत नाही, म्हणून कागद कोरडा ठेवावा. पिसांची चीर भोकाच्या वर असेल तर रेस्ट थोडा वर घ्यावा, खाली असेल तर थोडा खाली. चीर डावीकडे किंवा उजवीकडे असेल तर रेस्ट चिरेच्या दिशेने अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी सरकवून पुन्हा पाहावे आणि फाट वाढल्यास मूळ जागी परत यावे. आडवी फाट अनेकदा रेस्टमुळे येतच नाही. मूठ आवळून धनुष्य पिळणे, कॅमचा कल किंवा दांड्याचा अयोग्य कडकपणा हीही तिची कारणे असतात. दर बाणाला फाट दिशा बदलत असेल, तर रेस्टला हात न लावता आधी पकड तपासावी.

त्यानंतर 18 मीटरवर पिसे लावलेले आणि बिनपिसांचे बाण एकत्र मारून ते जवळ जवळ लागतात का ते पाहावे. समाधान झाल्यावर रेस्टच्या मोजपट्टीवर आणि केबलवरील गाठीच्या जागी बारीक खूण करावी. ऐरोली, वाशी, कोपरखैरणे अशा खाडीलगतच्या भागात खारट, दमट हवेने स्प्रिंग आणि छोटे स्क्रू गंजतात. त्यांना पातळ तेलाचा एखादा थेंब द्यावा, पण तेल दोरीला व लाँचरवरच्या फेल्टला (मऊ कापडी पट्टीला) लागू देऊ नये. तो फेल्ट पावसाळ्यात सुटू लागतो आणि सुटल्यावर बाण ताणताना धातूवर घासल्याचा आवाज येतो. नवी दोरी पहिल्या काही सरावांत थोडी बसते, त्यामुळे त्या काळात दर वेळी बाण मारण्याआधी गाठ खुणेवरच आहे ना आणि लाँचर पूर्ण वर येतो ना, हे पाहून घ्यावे.