तिकिटाआधी काविळीची लस : अमेरिकेत नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी

पहिल्या भारतवारीची तिकिटं सहा-सहा महिने आधी निघतात, लस मात्र बॅगा भरताना आठवते. हिपॅटायटिस ए म्हणजे दूषित पाण्या-अन्नातून होणारी कावीळ. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत बहुतेकांना ती लहानपणीच कळत-नकळत होऊन गेली, आणि एकदा झाली की ती पुन्हा होत नाही. इथे जन्मलेल्या मुलांचं तसं नाही. शहरात फिल्टरचं पाणी पिऊन वाढलेल्या तुम्हीही स्वतःला सुरक्षित धरू नका.

इथे ही लस वर्षाच्या बाळाला सुरू होते, दुसरा डोस किमान 6 महिन्यांनी. 6 ते 11 महिन्यांचं बाळ भारतात न्यायचं असेल तर एक जादा डोस देतात, पण तो हिशेबात धरत नाहीत. नंतर नेहमीचे दोन घ्यायचेच. ‘इंडियाला चाललोय’ हे डॉक्टरांना आपणच सांगायचं.

माझा खरा आग्रह घरातल्या लिव्हरच्या रुग्णासाठी आहे. धडधाकट माणूस बहुधा काही आठवड्यांत उठून बसतो. ज्याला आधीच सिरॉसिस (लिव्हर आतून कडक होत जाणं) आहे, हिपॅटायटिस बी किंवा सी आहे, त्याचं लिव्हर पार निकामी होऊ शकतं. ‘बी’ची लस ‘ए’ला चालत नाही, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं.

हा रोग घरात आणतं कोण? बरेचदा लहान मूल. 6 वर्षांखालच्या मुलांत बहुधा लक्षणंच दिसत नाहीत, विषाणू मात्र शौचातून बाहेर पडत राहतो. मोठ्यांचे डोळे पिवळे होण्याआधीचे एक-दोन आठवडेच सर्वांत जास्त संसर्गाचे. लक्षणं यायला 15 ते 50 दिवस लागतात, म्हणजे परत येऊन ऑफिस सुरू झाल्यावरही आजार निघू शकतो. डायपर बदलल्यावर आणि स्वयंपाकाआधी साबण-पाण्यानेच हात धुवा, नुसत्या सॅनिटायझरवर भागवू नका. कावीळ निघालीच तर पॉटलकला डबा नेऊ नका.

घरात कुणाला झाली, तर लस न घेतलेल्या बाकीच्यांना दोन आठवड्यांच्या आत ती मिळायला हवी. लिव्हरच्या रुग्णाला सोबत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) देतात, म्हणून डॉक्टरांना फोन त्याच दिवशी करा.

गावाकडे कुणी कावीळ उतरवायला नेईलच. चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर पाणी पिवळं दिसलं, तरी कावीळ उतरत नाही. पोटात घ्यायचा झाडपाला मात्र साफ नाकारा, आणि टायलेनॉलसुद्धा (म्हणजे आपलं पॅरासिटामॉल) डॉक्टरांना विचारूनच घ्या.