जुन्या ट्रकचे शॉकअप आणि तुटलेले एक्झॉस्ट स्टड: नव्या मेकॅनिकसाठी

कामाला किती वेळ लागेल, हे शिकाऊ मेकॅनिक नव्या पार्टकडे बघून ठरवतो. चार शॉकअप (शॉक अब्सॉर्बर), प्रत्येकाला वर एक नट आणि खाली एक, म्हणजे गाडी दुपारच्या आत बाहेर. नव्या गाडीवर हा हिशेब बरोबर येतो. पाणी आणि चिखल खात वर्षानुवर्षं धावलेल्या ट्रकवर मात्र वेळ जातो तो जुना पार्ट काढण्यात, आणि मेकॅनिकची पारखही तिथेच होते. नवा पार्ट बसवायला कोणीही लवकर शिकतो. गंजलेला नट न तोडता काढणं, आणि तुटलाच तर पुढे काय करायचं ते ठाऊक असणं, याला खरा सराव लागतो.

म्हणून या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना मी दोन कामं आवर्जून शिकायला सांगतो: शॉकअप बदलणं आणि तुटलेले एक्झॉस्ट स्टड काढणं. इंजिनचा धूर गोळा करणारा मॅनिफोल्ड ज्यांनी इंजिनच्या वरच्या भागाला, म्हणजे हेडला, धरलेला असतो ते आटे (थ्रेड) पाडलेले बिनडोक्याचे बोल्ट म्हणजे एक्झॉस्ट स्टड. जुन्या ट्रकवर ही दोन्ही बहुतेक वेळा एकत्रच निघतात. पहिल्या कामात गंजाशी ओळख होते, दुसऱ्यात गंजाला उष्णतेची साथ मिळालेली असते. क्रमही हाच ठेवा. शॉकअपचा नट तुटला तर फार काही बिघडत नाही, पण स्टड हेडमध्ये तुटला तर अख्खा दिवस जाऊ शकतो.

शॉकअपबद्दल एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा: तो गाडीचं वजन पेलत नाही. वजन पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) किंवा स्प्रिंगवर असतं. शॉकअप फक्त त्यांची उसळी शमवतो. आतलं तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि उसळीतली शक्ती उष्णता होऊन बाहेर पडते. त्यामुळे ट्रक एका बाजूला झुकलेला दिसला तर शॉकअपला दोष देऊ नका, पाटे तपासा. बंपर दाबून उसळी मोजायची पद्धत हलक्या कारला ठीक आहे. कडक पाट्यांच्या ट्रकवर त्यातून काहीच कळत नाही. तिथे दोन खुणा बघा. टायरवर तळहात फिरवला की जागोजागी खळगे लागतात का, हे पहिलं. दुसरं असं की गाडी खडबडीत रस्त्यावरून फिरवून आणल्याबरोबर प्रत्येक शॉकअपच्या नळीजवळ हाताची मागची बाजू जपून न्या. बाकीचे गरम आणि एक थंड असेल, तर तो थंड शॉकअप काम करत नाही, कारण उसळी शमवली असती तर तो तापला असता. नळीवर तेलाचा पुसट ओलावा आणि त्यावर धूळ, एवढ्यावर शॉकअप बाद ठरवू नका. तेल ओघळत असेल तर मात्र बदलायचाच, आणि तोही त्या एक्सलवरचे दोन्ही मिळून.

काढताना चाकांना ठोकळे लावा, चॅसी घोडीवर (स्टँडवर) घ्या आणि एक्सलला वेगळा आधार द्या. हा वेगळा आधार अनेकजण विसरतात. कॉइल स्प्रिंग किंवा एअर सस्पेन्शन असलेल्या गाड्यांमध्ये एक्सलला खाली लटकण्यापासून बऱ्याचदा शॉकअपच अडवून धरतो. तो सुटला की एक्सल खाली येतो, आणि त्याखाली तुमचा हात असू शकतो. वरचा नट फिरवला की आतला दांडाही त्याच्याबरोबर फिरतो. म्हणून दांड्याच्या टोकाला घडवलेली चपटी बाजू पकडीने धरा आणि मग नट फिरवा. तरीही निघाला नाही तर नट कापा, पण ग्राइंडर किंवा गॅसची ज्योत शॉकअपच्या नळीला लावू नका. गॅस भरलेल्या शॉकअपच्या आत दाब असतो. तापवलेली बंद नळी फुटते.

नवा बसवणं सोपं आहे. पट्टी बांधून आलेला शॉकअप दोन्ही टोकं जागेवर येईपर्यंत सोडू नका. दोन नळ्यांचा शॉकअप आडवा पडून राहिला असेल, तर बसवण्याआधी उभा धरून काही वेळा दाबून-ओढून आतली हवा काढा. रबरी बुश असलेल्या टोकांचा नट शेवटचा घट्ट करायचा तो गाडी चाकांवर उभी राहिल्यावर. एक्सल लटकत असताना आवळला तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

आता एक्झॉस्ट. आधी आवाज ओळखायला शिका. थंड इंजिन सुरू केलं की टिक-टिक असा कोरडा आवाज येतो, आणि इंजिन तापलं की तो कमी होतो किंवा पूर्ण थांबतो. नवा माणूस लगेच टॅपेटवर (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांवर) जातो. पण टॅपेटचा आवाज आणि हा यांत फरक आहे. इथे मॅनिफोल्ड तापून फुगतो, फट बुजते, म्हणून आवाज जातो. बोनेट उघडून मॅनिफोल्ड आणि हेड यांच्या सांध्यावर टॉर्च मारा. काजळीचा काळा फटकारा जिथे दिसेल तिथून वायू निसटतोय. स्टडची टोकं मोजा. बहुतेक वेळा कडेचा, त्यातही मागच्या कोपऱ्यातला स्टड गायब असतो. हे काम पुढे ढकलू नका, मालकालाही ढकलू देऊ नका. तो वायू केबिनमध्ये शिरला तर त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास.

कडेचेच स्टड का तुटतात, हे समजून घेतलं की अर्धं काम समजतं. मॅनिफोल्ड हेडपेक्षा कितीतरी जास्त तापतो, म्हणून जास्त लांबतो. मधल्या स्टडजवळ ही हालचाल नगण्य असते, टोकांकडे ती साठत जाते. गाडी जितक्या वेळा तापते आणि थंड होते, तितक्या वेळा कडेचे स्टड आडवे ढकलले जातात. मॅनिफोल्डची भोकं स्टडपेक्षा थोडी मोठी ठेवलेली असतात ती या सरकण्यासाठीच. भोकात गंजाची पूड भरली की सरकायला जागा उरत नाही, आणि स्टडचा दम संपतो. म्हणून नवे स्टड घालण्याआधी मॅनिफोल्डची भोकंही साफ करायची असतात.

उरलेले नट काढायला घेण्याच्या आदल्या दिवशी त्यांना गंज सोडवणारं तेल पाजा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. इंजिन किंचित कोमट असताना तेल आत ओढलं जातं, पण कडक तापलेल्या मॅनिफोल्डवर ते फवारू नका, पेट घेतं. गोटी (सॉकेट) सहा कोनांची घ्या. बारा कोनांची गोटी गंजून लहान झालेल्या नटावर घसरते. पहिला झटका सोडवायच्या दिशेने नको, आवळायच्या दिशेने थोडासा द्या. कट्ट असा बारीक आवाज आला तर गंज फुटला. मग मागे, पुढे, मागे, असं थोडं थोडं. हाताकडे लक्ष ठेवा: पाना जड पण घट्ट लागत असेल तर नट हलतोय. पाना रबर ओढल्यासारखा मऊ लागला तर नट जागेवरच आहे आणि स्टड पिळला जातोय. तिथेच थांबायचं, नट लालसर होईपर्यंत तापवायचा आणि पुन्हा प्रयत्न करायचा. हे थांबणं हातात यायला वेळ लागतो, पण या कामाचा जीव त्यातच आहे.

काही स्टड आधीच तुटलेले असतात, काही तुमच्या हातून तुटतील. बाहेर थोडा तुकडा दिसत असेल तर पकडीने पिळत बसू नका, त्याने टोक फक्त गोल होतं. सगळ्यात भरवशाचा उपाय वेल्डिंग. तुकड्याचं तोंड वायर ब्रशने चकचकीत करा. त्यावर साधा, जस्ताचा मुलामा नसलेला वॉशर ठेवा आणि मधल्या भोकातून स्टडला वॉशर वेल्ड करा. त्यावर नट ठेवून आतून भरून वेल्ड करा. यात नट धरायला मिळतो हा फायदा आहेच, पण त्याहून मोठा फायदा उष्णतेचा. तापलेला स्टड फुगू पाहतो, भोवतालचं हेड त्याला फुगू देत नाही, म्हणून तो स्वतःतच दबतो. थंड होताना आकसला की आट्यांमधली गंजाची पकड सुटते. त्यामुळे वेल्ड झाल्या झाल्या पाना लावू नका. लाली पूर्ण जाऊ द्या, मग पाना लावून हलके हलके डोलवा. वेल्ड तुटला तर पुन्हा करा. दरवेळी उष्णता आत जात असते, ते काम वाया जात नाही. हेड ॲल्युमिनियमचं असेल तर लोखंडाचा वेल्ड त्याला सहसा चिकटत नाही, ही मोठी सोय आहे. बिडाच्या हेडवर मात्र वेल्ड हेडला लागणार नाही याची काळजी घ्यावी लागते.

वेल्डिंगआधी बॅटरीचा तार काढा, अर्थिंगची पकड स्टडच्या जवळच लावा, इंधनाच्या नळ्या झाका, अग्निशामक हाताशी ठेवा. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून ठळक सांगतो: क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या जागेवर वेल्डिंग करू नका. त्याची वाफ ज्योतीत आणि आर्कमध्ये फॉस्जीन नावाचा विषारी वायू बनते. थोड्या मात्रेतही तो जीव घेऊ शकतो.

स्टड हेडच्या आत खोल तुटला आणि वेल्ड पोहोचत नसेल तेव्हाच ड्रिल. बरोबर मध्यावर पंच मारा, कारण इथे मिलिमीटरभर चूक झाली की आटे जातात. उलट्या फिरकीचं ड्रिल वापरा. ड्रिलच्या ओढीनेच कधी कधी तुकडा बाहेर येतो. मॅनिफोल्ड जागेवर बसवून त्याच्या भोकात बुश घातला तर ड्रिलला सरळ वाट मिळते. एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे तुकड्यात भोक पाडून त्यात रुतवून उलटा फिरवायचा दांडा, मला फारसा आवडत नाही. तो अतिशय कडक पोलादाचा असतो, आत तुटला तर साधं ड्रिल त्याला ओरखडासुद्धा काढत नाही. जो स्टड पान्याने तुटण्याइतका जखडला होता, तो त्याहून बारीक एक्स्ट्रॅक्टरने निघेल अशी आशा मी ठेवत नाही. त्यापेक्षा टॅपच्या (आटे पाडायच्या हत्याराच्या) मापापर्यंत ड्रिल करून उरलेले आटे खरवडून काढा: ८ मिमी स्टडला, १.२५ पिचवर (पिच म्हणजे दोन आट्यांतलं अंतर, मिमीमध्ये), ६.८ मिमी ड्रिल. १० मिमी स्टडला, १.५ पिचवर, ८.५ मिमी. आटे गेलेच तर थ्रेड इन्सर्ट, म्हणजे भोकात नवे आटे देणारा धातूचा तुकडा, घाला. नीट बसवलेला इन्सर्ट ॲल्युमिनियमच्या मूळ आट्यांपेक्षा पक्का असतो, त्यात कमीपणा काही नाही.

सरावासाठी भंगारातलं हेड मागून घ्या. त्यातले बोल्ट मुद्दाम तोडा, आणि वेल्ड करून काढा. ग्राहकाच्या गाडीवर पहिला वेल्ड करू नका.

परत बसवताना मॅनिफोल्डच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) वाक तपासा. वाक कंपनीच्या मर्यादेबाहेर असेल तर फेस मारून (तोंड मशीनवर सपाट करून) घ्या. वाकडा मॅनिफोल्ड ओढून बसवला तर तेच स्टड पुन्हा तुटतील. हेडचे आटे साफ करायला धारदार टॅपऐवजी थ्रेड चेसर बरा, तो धातू कापत नाही. स्टड हेडमध्ये हलका बसवा, जोर नटावर यायला हवा. एखादं भोक कूलंटच्या वाटेत उघडत असेल तर त्या आट्यांना सीलंट लागतं, मॅन्युअल बघून ठरवा. नट पूर्ण धातूचे घ्या, नायलॉन पट्टीचे इथे वितळतात. निकेल असलेलं उष्णतारोधक अँटीसीझ (आटे जखडू न देणारा लेप) आट्यांना लावा, पण ते लावल्यावर घर्षण कमी होतं आणि तोच टॉर्क (आवळण्याचा जोर) स्टडला जास्त ताणतो. मॅन्युअलमधला आकडा कोरड्या आट्यांसाठी असेल तर कमी ठेवा. आवळायचं मध्यापासून बाहेर, दोन-तीन फेऱ्यांत.

गाडी कामाला घेताना मालकाशी बोलणं हाही कामाचाच भाग आहे. शॉकअपचा वेळ नेमका सांगता येतो, स्टडचा नाही. किती स्टड आधीच तुटलेत ते त्याला टॉर्च मारून दाखवा, उरलेल्यांपैकी काही तुटतील हे सांगा, आणि अंदाज दोन आकड्यांत द्या: सरळ निघाले तर इतका, ड्रिल करावं लागलं तर इतका. गाडी खोलल्यावर सांगितलेली हीच गोष्ट त्याला सबब वाटते. काम झाल्यावर जॉब कार्डावर लिहा: कोणत्या सिलिंडरजवळचा स्टड बदलला, कुठे इन्सर्ट घातला, आणि मॅन्युअलमध्ये पुन्हा आवळायला सांगितलं असेल तर इंजिन तापून पूर्ण थंड झाल्यावर नट टॉर्क पान्याने तपासायला गाडी कधी बोलावली आहे.