स्वयंसेवी मुक्तस्रोत प्रकल्पासाठी निधी कसा उभारावा

२०१४ साली ओपनएसएसएल या मुक्तस्रोत, म्हणजे कोड सर्वांसाठी खुला असलेल्या, सॉफ्टवेअरमधील ‘हार्टब्लीड’ हा सुरक्षा-दोष उघडकीस आला, तेव्हा असंख्य संकेतस्थळांची सुरक्षा ज्यावर विसंबून होती त्या या प्रकल्पाला देणग्यांतून वर्षाकाठी जेमतेम २,००० डॉलर मिळत होते. म्हणून निधीचे काम अडचण येण्यापूर्वीच हाती घ्यावे.

प्रथम सर्व्हर, डोमेन, सुरक्षा-तपासणी आणि शक्य असल्यास देखभाल करणाऱ्यांचे मानधन, असा खर्च लिहून काढावा. ‘प्रकल्पाला मदत करा’ या मोघम आवाहनापेक्षा ‘सहा महिन्यांच्या सर्व्हरभाड्यासाठी इतके रुपये हवेत’ हे वाक्य देणगीदाराला अधिक पटते.

पैसा कोणाच्या नावे जमा होणार, हा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. एका स्वयंसेवकाच्या वैयक्तिक खात्यात रक्कम साठू लागली, की कराचा प्रश्न त्याच्या एकट्याच्या माथी येतो आणि सहकाऱ्यांत अविश्वासही शिरू शकतो. म्हणून डेबियन या मुक्तस्रोत संगणक-प्रणालीचा निधी जसा ‘सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट’ ही ना-नफा संस्था सांभाळते, तशी व्यवस्था मला सर्वांत योग्य वाटते. भारतातील संस्थेने परदेशी देणगी स्वीकारण्यापूर्वी परकीय देणग्यांविषयीच्या २०१० च्या कायद्याबाबत सनदी लेखापालाचा सल्ला अवश्य घ्यावा.

अनुदानासाठी झिरोधा या शेअर दलाली कंपनीने मुक्तस्रोत प्रकल्पांकरिता २०२४ मध्ये सुरू केलेला, वर्षाला १० लाख डॉलरचा ‘फ्लॉस फंड’ पाहावा. त्यासाठी प्रकल्पाची आणि निधीच्या गरजेची माहिती देणारी ‘फंडिंग डॉट जेसन’ ही फाइल तयार करून प्रकाशित करावी लागते.

जमाखर्च दर तिमाहीला सर्वांसमोर मांडावा. देणगीच्या बदल्यात एखादी सुविधा आधी करून देण्याचे वचन मात्र सर्व सहकाऱ्यांच्या संमतीशिवाय कोणालाही देऊ नये.