गाडी बंद केली की तासाभरात फ्रिज बंद: माझा अनुभव

बडोद्याहून गणपतीपुळे, सहा माणसं, जुनी ट्रॅव्हलर. झोपणं-रांधणं गाडीतच, हॉटेलचं बजेट नव्हतंच. इंजिन चालू असेतो १२ व्होल्टचा फ्रिज व्यवस्थित. मुक्कामाला इंजिन बंद केलं की तासाभरात 'लो बॅटरी' दाखवून गप्प. सासूबाईंचं दही दोनदा नासलं, बोलणी मी खाल्ली.

बॅटरी नवी घातली, फरक नाही. फ्रिजचा कटऑफ (व्होल्टेज किती उतरलं की फ्रिजने बंद व्हायचं, ते सेटिंग) 'हाय'वरून 'लो'वर आणला, थोडा जास्त टिकला, इतकंच.

मग फ्रिज चालू ठेवून (बंद असताना सगळं ठीकच दिसतं) मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावला. बॅटरीवर १२.५ व्होल्ट, फ्रिजच्या सॉकेटवर ११.३. म्हणजे व्होल्टेज वायरच खात होती आणि फ्रिजला वाटत होतं बॅटरी उतरली: वायर १.५ चौरस मिमीची, जाऊन-येऊन १२ मीटर, आणि अर्थ (निगेटिव्हची जोडणी) गाडीच्या बॉडीवरच्या गंजलेल्या बोल्टवर.

आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. ६ चौरस मिमीच्या तांब्याच्या दोन वायरी थेट बॅटरीपासून फ्रिजपर्यंत ओढल्या. अर्थसाठी बॉडी वापरली नाही. पॉझिटिव्हवर, बॅटरीला लागूनच, १५ अँपिअरचा फ्यूज. वायरींच्या टोकांना लग (धातूच्या टोप्या) दाबून क्रिंप केले. लायटरचं सैल सॉकेट काढून स्क्रूचं कनेक्टर बसवलं. निगेटिव्ह सगळ्यात शेवटी जोडली.

पुन्हा मोजलं: बॅटरी आणि फ्रिज यांच्यात फरक ०.२ व्होल्ट. त्या रात्री फ्रिज सकाळपर्यंत चालला.