रेसिंगची बाईक घेताय? आधी टायरचा नियम वाचा

पुण्या-मुंबईकडून कुणी नवीन पोरगं रेसिंगबद्दल विचारायला आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, कुठली बाईक घेऊ. बाईकचं नंतर बघू, आधी कुठल्या क्लासमध्ये, म्हणजे बाईकच्या कुठल्या गटात, पळायचं ते ठरवा आणि क्लास ठरवताना त्याचा टायरचा नियम नीट वाचून काढा. कारण बाईकचे पैसे एकदा जातात, टायरचे दर वीकेंडला जातात, आणि चांगली हातात पकड असलेली मुलं रेसिंग सोडून घरी बसतात तेव्हा बऱ्याचदा कारण इंजिन नसतं, टायर असतात.

नियम कुठे असतात तर एफएमएससीआयचे, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्ट क्लबांच्या महासंघाचे, टेक्निकल नियम असतात आणि प्रत्येक इव्हेंटचे सप्लिमेंटरी रेग्युलेशन्स म्हणजे पूरक नियम वेगळे येतात, ते दोन्ही मिळून वाचायचे. मागच्या वर्षीचा पीडीएफ कुणीतरी ग्रुपवर टाकला म्हणून त्याच्या भरवशावर टायर घेऊ नका, यावर्षीचाच बघा आणि नंतर बदल सांगणारं बुलेटिन निघालंय का तेही बघा. त्यात काय शोधायचं: टायर एकाच कंपनीचा सक्तीचा आहे का, साईझ बदलता येते का, वीकेंडला किती टायर वापरायची परवानगी आहे, स्लिक (नक्षी नसलेला गुळगुळीत रेस टायर) चालतो की नक्षीवाला रोड टायरच हवा, टायर वॉर्मर (टायर आधीच तापवणारी विजेची गुंडाळी) चालतात का, आणि पाऊस आला तर वेगळे टायर लावता येतात का. या सहा गोष्टींवरून तुमचं वर्षाचं बजेट जवळपास समजतं. टायरला स्वतःच्या हाताने खाचा पाडणं किंवा रबर मऊ करायला केमिकल लावणं याच्या नादाला अजिबात लागू नका.

आता यातलं सगळ्यात महागडं वाक्य म्हणजे "टायरची निवड खुली". ऐकायला बरं वाटतं पण त्याचा अर्थ असा की ग्रिडवर (रेस सुरू होते त्या रांगेत) एकाने बाहेरून मागवलेला सॉफ्ट स्लिक लावला की बाकीच्यांनाही लावावा लागतो, आणि मोठ्या बाईकच्या साईझमध्ये तसली एक जोडी पंचवीस हजारांच्या वर जाते. पण खर्च तिथे थांबत नाही, तो तिथे सुरू होतो. स्लिक थंड असताना पकडत नाही म्हणून वॉर्मर आले, वॉर्मरला वीज लागते म्हणून जनरेटर आला, दोन्ही चाकं उचलायला पुढचा-मागचा स्टँड आला, पावसात स्लिक चालत नाही म्हणून रेन टायर आले आणि ते ऐनवेळी बदलता यावेत म्हणून जास्तीच्या रिम आल्या, डिस्क आणि स्प्रॉकेटसकट. चेन्नईला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रेस असेल तर पाऊस येणारच असं धरून चालावं लागतं, त्यामुळे ही जास्तीची चाकं शोभेची राहत नाहीत.

याउलट "एकच कंपनी, एकच मॉडेल, नक्षीवाला रोड टायर, वॉर्मर बंद" असा नियम असला की ही सगळी साखळी तुटते. त्याच टायरवर ऊन पण काढता येतं आणि पाऊस पण, आणि शेजारच्या पिटमधल्या श्रीमंत पोराकडे पण तोच टायर असतो. हे फक्त गरीब क्लबांचं डोकं आहे असं समजू नका, वर्ल्ड सुपरबाईकने 2004 मध्ये सगळ्यांना पिरेली लावली आणि मोटोजीपीने 2009 पासून ब्रिजस्टोन हा एकच सप्लायर ठेवला, 2016 मध्ये तिथे मिशेलिन आली. तिथे कंपन्यांकडे पैसा असूनही टायरची लढाई थांबवावी लागली, मग आपण तर घरच्या पगारातून रेस करतोय.

अगदी नवीन असाल तर सगळ्यात स्वस्त रस्ता वन मेक सीरिजचा, म्हणजे सगळे एकाच कंपनीच्या सारख्या बाईकवर पळतात ती. टीव्हीएसची वन मेक चॅम्पियनशिप 1994 पासून चालू आहे, रॉयल एनफिल्डचा कॉन्टिनेंटल जीटी कप 2021 ला सुरू झाला. यात सिलेक्शन राउंडला जाऊन चांगला लॅप टाईम काढावा लागतो पण निवड झाली तर रेससाठी तयार केलेली बाईक कंपनीकडूनच मिळते, तुम्हाला मुख्यतः फी, प्रवास आणि स्वतःचं गिअर बघायचं. स्वतःची बाईकच पळवायची असेल तर दीडशे ते दोनशे सीसीच्या स्टॉक क्लासकडे (जिथे बाईक जवळपास कंपनीतून आली तशीच ठेवतात) बघा. ताकद कमी, वजन कमी, म्हणून मागचा टायर हळू घासतो आणि त्या साईझचे टायर पुण्यातल्या कुठल्याही बऱ्या दुकानात मिळतात.

आता घेतलेला टायर जास्तीत जास्त कसा पुरवायचा, आणि इथे खरे पैसे वाचतात. पहिली गोष्ट प्रेशर. स्वतःचं चांगलं गेज घ्या आणि कायम तेच वापरा, पंपावरच्या मशीनचा आणि मित्राच्या गेजचा आकडा एकमेकांशी जुळत नाही आणि मग कशावर विश्वास ठेवायचा तेच कळत नाही. हवा थंड टायरमध्ये बघायची, सावलीत. श्रीपेरुंबुदुरच्या (चेन्नईचा ट्रॅक तिथेच आहे) उन्हात बाईक पिटबाहेर उभी असली की उन्हाकडचा टायर आधीच तापतो, तुम्ही त्याला थंड समजून हवा काढता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो आकडा भलताच कमी निघतो. दर 10 डिग्रीला साधारण 1 ते दीड पीएसआय फरक पडतो एवढं लक्षात ठेवा. सेशन संपवून आत आलात की हेल्मेट काढायच्या आधी कुणालातरी गरम प्रेशर घ्यायला लावा आणि वहीत लिहा: थंड किती, गरम किती, ऊन कसं होतं. प्रेशर खूप जास्त चढत असेल तर बहुतेक वेळा सुरुवातीला हवा कमी होती, टायर जास्त दबतोय म्हणून जास्त तापतोय. अगदीच थोडं चढलं तर हवा जास्त भरली असू शकते, किंवा तुम्ही अजून तेवढं पळवत नाही. सुरुवातीचा आकडा टायर कंपनीच्या माणसाला विचारा, तो पॅडॉकमध्येच (टीम थांबतात त्या जागेत) असतो आणि विचारलं की आवडीने सांगतो.

दुसरी गोष्ट सस्पेन्शन. मागच्या टायरचं रबर फाटल्यासारखं, तुकडे निघाल्यासारखं दिसायला लागलं की लोक लगेच टायरला शिव्या देतात आणि नवीन घेतात, नवीनही तसाच फाटतो. आधी रिबाउंड (दबलेलं सस्पेन्शन किती वेगाने परत वर येतं) आणि प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवलीय) बघा, सॅग, म्हणजे तुम्ही बसल्यावर बाईक किती खाली दबते, ते तुमच्या वजनाला बसतंय का मोजा. सॅग मोजायला टेप आणि दोन मित्र लागतात बाकी काही नाही. चुकीच्या सेटिंगवर पैसे टायरच्या रूपाने जातात आणि सेटिंग करायला फुकट आहे, म्हणून हे काम टाळणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं.

तिसरी गोष्ट तापणं-थंड होणं. प्रत्येक वेळी टायर पूर्ण तापून पूर्ण थंड झाला की रबर थोडं कडक होतं. स्लिकला हे फार सोसत नाही, त्यामुळे रबर शिल्लक दिसत असूनही पकड गेलेली असते. रोड टायर त्या मानाने बरेच दिवस टिकतो. म्हणून उगाच दोन-दोन लॅप मारून आत येणं बंद करा, सेशन पूर्ण वापरा किंवा जाऊच नका. वीकेंडला टायर मोजून दिलेले असतील, म्हणजे स्क्रुटिनीत (रेसआधीच्या बाईक तपासणीत) टायरवर खूण करत असतील, तर प्रॅक्टिस जुन्या टायरवर करा, नवीन जोडी शेवटच्या प्रॅक्टिसमध्ये दोन-तीन लॅप शांतपणे फिरवून वरची चकाकी घालवा, पूर्ण थंड होऊ द्या आणि मग क्वालिफायला, म्हणजे रेसची सुरुवातीची जागा ठरवणाऱ्या सेशनला, लावा. मात्र खूण नेमकी कधी होते आणि पंक्चर झालं तर बदली टायरची परवानगी कोण देतं हे रायडर ब्रीफिंगमध्येच विचारून ठेवा.

चेन्नईचा 3.717 किलोमीटरचा ट्रॅक घड्याळाच्या दिशेने चालतो त्यामुळे उजवी बाजू आधी जाते. डावी बाजू अजून चांगली असताना मागचा टायर रिमवर उलटा बसवून प्रॅक्टिसचे काही दिवस काढणारे लोक आहेत. टायरवर बाण असेल तर आधी कंपनीच्या माणसाला आणि स्क्रुटिनियरला विचारा, आणि पुढच्या टायरला हा प्रयोग करू नका, ब्रेकिंगचा सगळा भार त्याच्यावर असतो. तसंही मागचा टायर पुढच्यापेक्षा लवकर जातो तर जोडी-जोडीने घ्यायची गरज नाही, दोन मागचे आणि एक पुढचा असा हिशोब धरा. पण पुढच्याबाबतीत काटकसर करून शेवटच्या धाग्यापर्यंत पळवणं म्हणजे कॉलरबोनचा खर्च ओढवून घेणं.

वरच्या क्लासमधल्या लोकांचे एक-दोन रेस वापरलेले टायर स्वस्तात मिळतात, प्रॅक्टिसला मस्त. घेताना बाजूवरचा चार आकड्यांचा कोड वाचा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे 2324 असेल तर 2024 चा तेविसावा आठवडा. नखाने दाबून बघा, चिरा बघा, आतून पंक्चर काढलेला असेल तर सोडून द्या कितीही स्वस्त असला तरी.

टायर बसवणं स्वतः शिका, टायर लिव्हर, रिमला लावायचे प्लास्टिकचे तुकडे आणि साबणाचं पाणी एवढंच लागतं. दर वेळी वॉल्व्ह नवीन आणि टोपी धातूची, जोरात फिरणाऱ्या चाकात वॉल्व्हमधली पिन टायरच्या बाजूला ओढली जाऊन उघडू शकते आणि तेव्हा हवा धरून ठेवते ती टोपी. बाईक रेल्वे पार्सलने पाठवत असाल तर टाकी पूर्ण रिकामी करावी लागते हे माहीत असेलच, पण टायर पाठवायच्या भानगडीत पडू नका, चार-पाच जणांनी मिळून चेन्नईतल्याच डीलरकडे ऑर्डर द्या आणि ट्रॅकवर उचला, भाडं पण वाचतं आणि एकगठ्ठा घेतल्यावर भावही कमी करून मिळतो.

आणि तुम्ही स्वतः क्लबमध्ये असाल, आयोजकांच्या मीटिंगला बसत असाल, तर तिथे तोंड उघडा. एकच टायर, वीकेंडला मागचे दोनच, वॉर्मर बंद, आणि तो टायर असा निवडा की जो महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या दुकानातही मागवता येईल. वेगवान लोक थोडे कुरकुरतील, लॅप टाईम सेकंद-दोन सेकंद वाढेल, पण तो सगळ्यांचाच वाढतो, आणि नाशिक-कोल्हापूरच्या पोराला पूर्ण सीझन पळता येतं. ही मागणी सीझन संपल्या संपल्या लेखी द्या, पुढच्या वर्षीचे नियम छापून आल्यावर सांगून काही उपयोग नसतो.