शब्द पाठ होतात, पण तोंडात येत नाहीत

मराठी माध्यमातून दहावी करून मुंबईतल्या कॉलेजात आलं की पहिल्याच आठवड्यात डिक्शनरी घेतली जाते. वहीत दोन रकाने आखायचे, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, रोज चाळीस. आठवडाभराने त्यातले पाच आठवले तरी खूप. पद्धतच चुकलेली असते. सुटा शब्द आणि सुटा अर्थ डोक्यात टिकत नाही, कारण त्याला धरून ठेवायला दुसरं काही नसतं.

आधी शब्दांची वाटणी करा. काही शब्द नुसते ओळखायचे असतात, काही वापरायचे. 'तथापि' आपल्याला वाचताना कळतं, पण घरात कोणी बोलत नाही. इंग्रजीतही ओळखीचे शब्द वापरातल्यांपेक्षा कायम जास्तच राहणार. सगळेच तोंडी यावेत हा हट्ट सोडला की निम्मं ओझं उतरतं.

दुसरी वाटणी वापराच्या प्रमाणावरून. इंग्रजी अध्यापनातले तज्ज्ञ मायकेल वेस्ट यांची 1953 ची सुमारे 2000 नेहमीच्या शब्दांची यादी अजूनही पायाला चांगली आहे. त्यावर ॲव्हरिल कॉक्सहेड यांची 2000 सालची, 570 शब्दकुळांची (एका मूळ शब्दापासून झालेल्या शब्दांच्या गटांची) अभ्यासातल्या शब्दांची यादी. 'डेबिट', 'लेजर' हे बीकेच्या (बुक-कीपिंगच्या, म्हणजे हिशेबाच्या) तासाला व्याख्येसकट शिकवलेच जातात. घोळ होतो तो 'अझ्यूम' (गृहीत धरणे), 'व्हेअरअ‍ॅज' (तर उलट), 'इंडिकेट' (दर्शवणे) यांच्यात. प्रश्नात ते सर्रास येतात आणि समजावून कोणीच सांगत नाही.

माहीत असलेला शब्दही दगा देतो. 'माइंड' म्हणजे मन, हे पाठ असतं. मग लोकलमधली 'माइंड द गॅप' ही सूचना? तिथे तो जपायला सांगतो. 'डू यू माइंड?' मध्ये तोच हरकत विचारतो. म्हणून वहीऐवजी छोटी कार्डं करा आणि कार्डावर शब्द एकटा लिहू नका. पुढच्या बाजूला गाळलेल्या जागेचं वाक्य, मागे शब्द आणि त्याचे दोन-तीन सोबती. जोराचा पाऊस 'स्ट्राँग रेन' होत नाही, 'हेवी रेन' होतो. चूक 'डू' करत नाहीत, 'मेक' करतात. उच्चारही तिथेच, जोर कुठे ते खूण करून: 'डिव्हेलप'मध्ये तो 'व्हे'वर आहे, आपण सवयीने 'डे'वर देतो.

दिवसाला आठ शब्द, आठवड्यातून पाच दिवस. शनिवार-रविवार फक्त उजळणी. कार्ड दुसऱ्या, तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी पाहायचं. अडलं तर पुन्हा पहिल्या दिवसापासून. विरार लोकलच्या गर्दीत कार्डं काढणं अशक्य, तेव्हा फोनवरचं ॲप बरं. पण उत्तर आठवायच्या आधी पालटू नका, तिथेच सगळी मेहनत वाया जाते.

जोडीचे शब्द मात्र एका दिवशी घेऊ नका. 'बॉरो' आणि 'लेंड' एकत्र शिकले की कायमचे गुंततात, त्यातून मराठीत दोन्हीकडे 'उसने' आहेच, पहिल्यात घेणं, दुसऱ्यात देणं. आधी 'बॉरो' पक्का करा: 'बॉरो अ पेन फ्रॉम हिम'. 'लेंड' दोन आठवड्यांनी, 'लेंड हिम अ पेन' असा, 'फ्रॉम'ला जवळ फिरकू न देता.