घसा, गळा, कंठ आणि एकटं 'थ्रोट'

मिरजेत संध्याकाळी मी नर्सिंगच्या मुलींना इंग्रजी शिकवते. मागे एकीने नाइट ड्यूटीच्या शेवटी रिपोर्ट बुकात लिहिलं, 'गोल्ड चेन इन थ्रोट'. पेशंट बाईंच्या गळ्यात सोन्याची चेन आहे, एवढंच तिला सांगायचं होतं. सकाळच्या सिस्टरनी ते वाचलं आणि थेट एक्स-रेचा फॉर्म काढला. बाई चहात बिस्किट बुडवून खात बसल्या होत्या, म्हणून वेळेवर उलगडा झाला.

चूक तिची कमी, 'गळा' या शब्दाची जास्त. आपला गळा बाहेरही असतो आणि आतही. थ्रोट म्हणजे मुख्यतः आतली वाट. मानेची पुढची बाजू त्यात धरतात, म्हणून गळा चिरण्याला थ्रोट चालतं. पण अंगावर घालायच्या वस्तूंना नाही. मंगळसूत्र, स्टेथोस्कोप, मफलर, सगळं 'अराउंड द नेक'. मी मुलींना सांगते, वाक्य जुळवायच्या आधी मराठीत म्हणून बघा. तिथे 'घसा' बसत असेल तर डोळे मिटून थ्रोट वापरा. 'गळा'च हवा असेल तर थांबा.

थांबायचं कारण गाणंही आहे. हे गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँचं गाव, इथे गळा म्हटलं की निम्म्या लोकांना सूर आठवतो. 'तिचा गळा गोड आहे' याचं 'हर थ्रोट इज स्वीट' करू नका. तिथे 'व्हॉइस'.

आता रोजच्या तक्रारी. घसा दुखतो: 'आय हॅव अ सोअर थ्रोट'. मधला 'अ' गिळू नका. 'माय थ्रोट इज पेनिंग' आपल्याकडे सगळ्यांना कळतं, पण परदेशी नोकरीच्या मुलाखतीत 'माय थ्रोट हर्ट्स' म्हणा. कोरड पडली: 'माय थ्रोट इज ड्राय'. घसा खाकरणं म्हणजे 'क्लिअर युवर थ्रोट'. घसा बसला तर मात्र थ्रोट बाजूला ठेवायचं आणि 'माय व्हॉइस इज होर्स' म्हणायचं. हा होर्स घोड्याच्या 'हॉर्स'सारखाच ऐकू येतो, स्पेलिंग वेगळं. वर्गात दरवर्षी इथे हसू फुटतं, मीही थांबवत नाही. घशात खरखर होऊन आवाज फुटेना तर इंग्रज म्हणतो, घशात बेडूक आहे: 'अ फ्रॉग इन माय थ्रोट'. आपण डराव डराव करत नाही, पण कल्पना पटते.

उच्चाराचं एकच सांगते. आपला थ दातांना आतून टेकतो. त्यांच्या थ ला जिभेचं टोक दातांच्या मध्ये आणून हवा सोडायची. ते जमलं नाही की 'ट्रोट'सारखं काहीतरी होतं, आणि ते 'ट्रॉट'च्या, म्हणजे घोड्याच्या दुडक्या चालीच्या, जवळ जातं.

'कंठ दाटून आला' याला 'अ लंप इन माय थ्रोट' चपखल बसतं. पण ओपीडीत जपून. पेशंट 'घशात गोळा अडकल्यासारखा वाटतो' म्हणाला तरी इंग्रजीत हेच शब्द येतात, आणि तिथे भावना नसते, लक्षण असतं. म्हणून केसपेपरवर पुढे लिहायचंच: गिळताना त्रास होतो का, कधीपासून, वजन उतरलं का.

गिळण्याचा विषय निघालाच आहे तर 'गलेट'. घशाखालून जठरापर्यंतची अन्ननलिका, मोठ्या माणसात साधारण 25 सेंटीमीटर. डॉक्टर इसोफेगस म्हणतात; गलेट हा घरगुती शब्द, थोडा आपल्या 'नरड्या'च्या वळणाचा. सुताराच्या करवतीच्या दोन दातांमधल्या खाचेलाही गलेट म्हणतात. आणि क्रिकेटमधली 'गली' ही आपली गल्ली नव्हे. तो या गलेटचाच बदललेला शब्द, अर्थ अरुंद घळ. मोटरसायकलचं थ्रॉटलही थ्रोटवरूनच आलेलं: मूळ अर्थ नरडं दाबणं. हवेची वाट दाबायची, सोडायची, इतकंच ते करतं.

सगळ्यात फसवी जोडी शेवटी. आपण एखादी गोष्ट कुणाच्या 'गळी उतरवतो' म्हणजे समजावून पटवतो. इंग्रजीत 'फोर्स इट डाउन समवन्स थ्रोट' म्हणजे नको असताना लादणं. एका मुलीने मुलाखतीत सांगितलं की मी पेशंटच्या थ्रोटमधून पथ्य फोर्स डाउन करते. समोरच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. तिला म्हणायचं होतं 'कन्व्हिन्स'.